वस्तऱ्याने दाढी शिकताय आणि गळा पेटतोय? या चुका टाळा

वस्तरा हाती घेतल्यावर पंधरा दिवसांत नवशिक्याचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं: दाढी झाली की गळ्याची आग होते, तासाभराने लाल पुरळ उठतं. मग कोरफड येते, क्रीम बदलतं, लोशन बदलतं, आणि शेवटी 'माझी त्वचाच नाजूक' यावर बोळवण होते. त्वचा नाजूक असेलही. पण तिला शांत करायचं तर आग कुठे लागते ते आधी शोधायला हवं. बहुतेकदा ती दाढीच्या आधीच लागलेली असते, चामड्याच्या पट्ट्यावर.

परजताना मारलेली धार

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी ओळखली जाते. वस्तरा परजताना, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून धार नीट करताना, पात्याची पाठ (जाड, बोथट कड) आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या हव्यात. पाठ पुढे, धार मागून. पट्टा संपला की पातं पाठीवरच लोळवून उलटवायचं. नवशिका इथे तीन गोष्टी करतो: पट्टा ढिला धरतो, उलटवताना पाठ उचलतो आणि सलूनमधल्या सराईत हातासारखा वेग पकडायला जातो. ढिला पट्टा धारेभोवती वळतो आणि तिचं टोक गोल करतो. पाठ उचलली की तेच काम आणखी लवकर होतं. आणि पातं धारेवर उलटलं तर पट्टाही चिरतो.

पुढचं सगळं क्रमाने घडतं. पहिल्या तीन दाढ्या बऱ्या होतात. चौथीला वस्तरा किंचित ओढतो. पाचवीला तो कापेनासा होतो म्हणून हाताचा दाब वाढतो. दाबलेली बोथट धार केसाबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडते आणि गळा सोलवटतो. आता साबणावर संशय येतो, नवा साबण येतो. मग दाढीआधीचं तेल येतं. त्याने पातं घसरतं, म्हणून दाब आणखी वाढतो. दीड-दोन महिने असेच जातात, आणि रोज सकाळी त्याच चुकीच्या हाताने धार आणखी गोल होत राहते. मग जाणकार माणूस तेच पातं बारीक दगडावर घेतो आणि त्याच साबणाने, त्याच गळ्यावर दाढी होते. आग नाही.

म्हणून सवय अशी लावा. कापडी पट्ट्यावर 20 फेऱ्या, चामड्यावर 40 ते 50. पट्टा ताणलेला, दाब फक्त वस्तऱ्याच्या वजनाचा, एका फेरीला निवांत दोन सेकंद. पहिले दोन महिने वेग वाढवायचाच नाही. धार गेलीच असेल तर पट्ट्यावर शंभर फेऱ्या मारून ती परत येत नाही. 8000 किंवा 12000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) दगड सफाईने वापरणाऱ्याकडे वस्तरा द्या. स्वयंपाकघरातल्या सुरीच्या शार्पनरला तो दाखवूसुद्धा नका. आणि नवा कोरा वस्तरा डब्यातून थेट गालावर घेऊ नका. कारखान्यातून निघालेली धार बऱ्याचदा दाढीच्या लायकीची नसते.

अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असेल तर परजण्याचा प्रश्न नाही, पण तो क्षमाही करत नाही. दोन-तीन दाढ्यांनंतर ब्लेड बदला आणि दाब निम्म्यावर आणा. 'आधी ब्लेडवाल्यावर हात बसवतो, मग खऱ्या वस्तऱ्याकडे जातो' हा मार्ग स्वस्त आहे, पण नाजूक त्वचेला तो महाग पडतो.

कोन

पात्याची पाठ आणि गाल यांच्यामध्ये त्या पाठीच्या दीडपट जाडीइतकी फट ठेवा, म्हणजे कोन साधारण 30 अंशांचा होतो. गालावर हे जमतं. जबड्याच्या कडेवरून गळ्यात उतरताना मात्र चेहरा वळतो, मनगट तिथेच राहतं, आणि 30 चे 50 अंश कधी झाले ते कळत नाही. गळ्याची आग यातूनही होते. उपाय कंटाळवाणा आहे: पहिले दोन आठवडे वस्तरा फक्त दोन्ही गालांवर चालवा, उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने करा. मोकळ्या हाताने त्वचा ताणा आणि एका वेळी दोन-अडीच सेंटीमीटरच पुढे सरका.

पहिल्याच महिन्यात उलटी दाढी

गुळगुळीत हनुवटीचा हव्यास नवशिक्याला भोवतो. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटाने केसांचा रोख तपासा. गळ्यावर तो अनेकदा आडवा असतो, कंठमण्याखाली कधी वरच्या दिशेलाही असतो. पहिला महिना रोखाच्या दिशेने एकच हात. मग आडवा हात. उलटा हात नाजूक त्वचेला कधीच मानवला नाही तरी काही बिघडत नाही. केस कुरळे असतील तर तो टाळाच. ताणलेल्या त्वचेवर उलट्या दिशेने कापलेला केस आत ओढला जातो, वाढताना वळून त्वचेतच घुसतो आणि पुटकुळी धरतो. ती सुईने कोरू नका. कोमट पाण्याची पट्टी ठेवा, आणि पुटकुळ्या बसेपर्यंत ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट राखा.

पाणी आणि फेस

कोरड्या खुंटांवर वस्तरा चालवू नका. तीन मिनिटं कोमट पाणी, शक्यतो आंघोळीनंतरच दाढी. बोअरच्या जड पाण्यात फेस फुटतो आणि साबणाचा साका त्वचेवर बसतो. अशा गावात वाटीभर आरओचं पाणी फेसासाठी वेगळं ठेवा, बाकी धुण्याला बोअरचं चालेल. फेस वाळला की पुन्हा लावा. एकदा पुसलेल्या जागी कोरडा वस्तरा फिरवणं म्हणजे आगीला आमंत्रण. पुदिन्याचा थंडावा देणारा साबण आग लपवतो, त्यामुळे चूक कळत नाही. शिकताना साधा, बिनवासाचा घ्या.

दाढीनंतर चेहऱ्यावर काय काय चोळलं जातं

तुरटी ओल्या चेहऱ्यावर एकदाच फिरवा, अर्ध्या मिनिटाने धुवा. जिथे झोंबेल तिथे हात चुकला होता, हे तिचं खरं काम. रोज दोनदा घासली तर त्वचा कोरडी पडून तडतडते. सलूनमधली सगळ्यांना फिरलेली तुरटी नको. अल्कोहोलचा आफ्टरशेव्ह बंद. लिंबाचा रस तर नकोच, वर ऊन लागलं तर डाग पडतात.

सगळ्यात घातक शॉर्टकट मेडिकलच्या काउंटरवर मिळतो. 'खाज आणि लालीवर काहीतरी द्या' म्हटलं की बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली ट्यूब हातात पडते. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून माणूस ती महिनोन्‌महिने लावतो. ही स्टेरॉइडं आहेत. चेहऱ्याची त्वचा त्यांनी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं येतात, आणि ट्यूब थांबवली की लाली दुपटीने परतते. पातळ झालेल्या त्वचेवर मग चांगली धारही झोंबते. ट्यूब उलटी करून नावं वाचा, आणि अशी लावत असाल तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच ती थांबवा.

लावायचं असेल तर थंड पाण्याने चेहरा धुऊन टिपून घ्या, पुसू नका. त्यावर बिनवासाचं, बिनअल्कोहोलचं मॉइश्चरायझर. चिरेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. एवढं पुरतं.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. कार्बन स्टीलच्या धारेवर एका रात्रीत गंज धरतो आणि दुसऱ्या दिवशी तीच धार खरवडते. पुसून कोरडा करा, शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्या, आणि दाढीआधी ते तेल धुवा.

गळा लाल असताना दुसऱ्या दिवशी दाढी नको. दोन-तीन दिवस खुंट वाढू द्या. पुटकुळ्यांत पू झाला, त्या पसरू लागल्या किंवा आठवड्यात बसल्या नाहीत, तर वस्तरा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.