आपत्तीनंतर मतदानाचे नियम कसे बदलावेत

महापूर, भूकंप किंवा चक्रीवादळ येऊन गेले आणि मतदान तोंडावर असले की दोन टोकाच्या मागण्या होतात. एक म्हणते निवडणूकच पुढे ढकला, दुसरी म्हणते ठरल्याप्रमाणेच घ्या. बहुतेक वेळा तारीख तीच ठेवून जागा, वेळ, कागदपत्रे आणि टपाल यांचे नियम त्या भागापुरते सैल करणे योग्य ठरते. ते कसे करायचे, हे निवडणूक कर्मचाऱ्यांनी जाणायला हवेच. पण स्थानिक लोकप्रतिनिधी आणि मदत छावण्यांत काम करणाऱ्यांनाही ते ठाऊक असले, तर नेमके काय मागायचे हे त्यांना कळते.

सुरुवातीलाच एक रेघ आखून घ्या. मतदान कुठे, केव्हा आणि कोणता पुरावा दाखवून करायचे, हे बदलता येते. मतदार कोण, त्याचे मत कोणत्या मतदारसंघात मोजायचे आणि ते गुप्त राहणार की नाही, याला हात लावायचा नाही.

१. अधिकार कोणाचा, ते आधी शोधा

प्रत्येक बदलापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: कायदा, नियम, आदेश. कायद्यातली गोष्ट विधिमंडळच बदलू शकते, नियमातली तो नियम करणारे सरकार, निवडणूक आयोग किंवा मंडळ, आणि केंद्राची जागा बदलण्यासारख्या गोष्टी बहुधा स्थानिक अधिकाऱ्याच्या आदेशाने होतात. भारतात 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 57 नुसार नैसर्गिक आपत्तीमुळे मतदान घेणे अशक्य झाले, तर मतदान केंद्राध्यक्षही ते तहकूब करू शकतो. नवा दिवस, जागा आणि वेळ मात्र आयोगाच्या पूर्वमंजुरीनेच ठरते, आणि ते मतदान पूर्ण होईपर्यंत मतमोजणी करता येत नाही.

सद्हेतूने पण अधिकार नसताना केलेला बदल सर्वांत घातक. 2018 मध्ये मायकेल चक्रीवादळानंतर अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नियमात बसत नसतानाही ई-मेल आणि फॅक्सने मतपत्रिका स्वीकारल्या गेल्या. अशी मते निकाल अटीतटीचा झाला की न्यायालयात सापडतात, आणि त्याची किंमत मोजावी लागते ती घर गमावलेल्या मतदारालाच.

२. प्रत्यक्ष जाऊन पाहणी करा

मतदान केंद्रनिहाय एक तक्ता करा. रकाने असे: इमारत वापरण्याजोगी आहे का, तिथपर्यंतचा रस्ता पायी, दुचाकीने, बसने कसा आहे, वीज, पाणी आणि स्वच्छतागृह, नेमलेले कर्मचारी पोहोचू शकतात का, आणि त्या यादीतले मतदार सध्या कुठे आहेत. शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो, आणि पुढची सगळी घोळदार कामे तिथूनच सुरू होतात. छावण्यांच्या नोंदवहीतून मूळ गाव किंवा प्रभागनिहाय अंदाजे आकडे मिळतात. ती नोंदवही कुठे किती मतदार आहेत हे कळण्यापुरती वापरा. तिचा मतदार यादी म्हणून उपयोग करू नका.

फोनवरून पाहणी करू नका. इमारत उभी असते, पण तिच्या पायऱ्या वाहून गेलेल्या असतात. शाळेत मतदान केंद्र असते आणि नेमक्या त्याच शाळेत विस्थापितांची छावणी असते. अशा वेळी लोकांना हलवून वर्ग मोकळे करण्यापेक्षा मैदानात तंबू टाकणे केव्हाही बरे. आठवड्याने पुन्हा पाहणी करा, कारण पाणी ओसरल्यावर रस्ते खुले होतात आणि भिंतींच्या भेगा मात्र रुंदावतात.

३. पुढे ढकलायचे का, ते ठरवा

तारीख बदलण्याची कारणे मोजकीच असावीत: शोध आणि बचावकार्य अजून चालू आहे, मतदानाचे साहित्य नष्ट झाले आहे, किंवा पर्यायी केंद्रेही उभी करता येत नाहीत. 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ 24 ऑगस्टला धडकले आणि 1 सप्टेंबरची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षांचे उमेदवार निवडणारी फेरी, फ्लोरिडातील डेड काउंटीपुरती एक आठवडा पुढे गेली. मालदीवमध्ये 2004 च्या त्सुनामीनंतर 31 डिसेंबरचे संसदीय मतदान 22 जानेवारीला झाले. याउलट हैतीमध्ये जानेवारी 2010 च्या भूकंपाने फेब्रुवारीतले मतदान थेट नोव्हेंबरच्या अखेरीस गेले. तहकुबी लांबली की यादी शिळी होते, लोक आणखी पांगतात आणि मुदत संपलेले प्रतिनिधी खुर्चीवर राहतात.

म्हणून पुढे ढकलण्याच्या आदेशातच नवी तारीख घाला. ‘परिस्थिती निवळल्यावर’ असे लिहू नका. तारीख काही भागांपुरतीच बदलली असेल, तर इतर भागांची मोजणी शक्यतो थांबवा. पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) 1970 च्या भोला चक्रीवादळाच्या तडाख्यात सापडलेल्या भागांत 17 जानेवारी 1971 ला मतदान झाले, तेव्हा देशाचा निकाल आधीच लागलेला होता.

४. केंद्रे हलवा, पण एकत्र करताना हिशेब घाला

केंद्र हलवायचे तर जुन्या जागेजवळ हलवा. तीन केंद्रे एका इमारतीत आणणे सोयीचे वाटते, पण गर्दी तिथेच तुंबते. ओळख पटवण्याच्या टेबलावर एका मतदाराला एक मिनिट लागते असे धरा. तासाला 60, दहा तासांत 600. प्रत्येकी हजार मतदारांची तीन केंद्रे एकत्र आली आणि साठ टक्के लोक आले, तरी 1,800 जण होतात. म्हणजे खोली एक झाली तरी टेबले तीन, रांगा तीन आणि याद्यांचे भागही तीनच राहिले पाहिजेत. विस्थापितांच्या कागदपत्रांना वेळ जास्त लागतो, म्हणून चौथे टेबल फक्त शंकानिरसनासाठी ठेवा. ते नसेल तर एका अडलेल्या माणसामागे अख्खी रांग अडते.

एकत्रीकरणाने अंतरही वाढते, आणि वाहन गमावलेल्या माणसाला पाच किलोमीटर म्हणजे मत न देण्याचे पुरेसे कारण असते. फेऱ्या मारणारी मोफत बस नसेल तर एकत्रीकरण करू नका. जुन्या जागेवर ठळक पाटी लावा आणि मतदानाच्या दिवशी तिथे एक माणूस उभा करा. वाऱ्याने पाटी उडते, माणूस राहतो.

तंबूत केंद्र असेल तर गुप्ततेकडे खास लक्ष द्या. मतदान कक्षाच्या मागे दिवा किंवा ऊन असले की मतदाराची सावली कापडावर पडते आणि हात कुठे गेला ते बाहेरून दिसते. दिवा वरून किंवा मतदाराच्या समोरून यावा, मागे जाड पुठ्ठा लावावा. संध्याकाळी दिवे लावून बाहेरून स्वतः पाहून घ्या. जमीन उताराची असेल तर फळ्या टाका आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतरता मार्ग करा. जनरेटरचे इंधन मतदानाच्या तासांपुरते न मोजता यंत्रे सीलबंद होऊन रवाना होईपर्यंतचे मोजा. फिरती स्वच्छतागृहे ही चैन नव्हे. 2024 मध्ये हेलीन वादळानंतर अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिम भागात पाणीपुरवठा बंद असताना त्यांच्यामुळेच अनेक केंद्रे चालू शकली.

पाण्यात भिजलेले मतदान यंत्र वाळवून चालू झाले तरी वापरू नका. क्रमांक नोंदवा, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर वेगळे सीलबंद करा आणि बदली यंत्र आणा. वाळलेले यंत्र दुपारी बंद पडले, तर सकाळच्या मतांवरही शंका घेतली जाते.

५. पांगलेल्या मतदारांचे मत त्यांच्या गावीच मोजले जाऊ द्या

छावणीत किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्याचा पत्ता बदललेला नसतो. भारतातील 1950 चा कायदा स्पष्ट म्हणतो की तात्पुरती अनुपस्थिती म्हणजे रहिवास संपणे नव्हे. तेव्हा छावणीच्या पत्त्यावर नवी नोंदणी करण्याची घाई करू नका, नाव जुन्या यादीतून कायमचे जायचे.

मार्ग दोन. पहिला, छावणीजवळ उपकेंद्र. कत्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची निवडणूक फेब्रुवारी 2006 वरून 22 एप्रिलला गेली, तेव्हा लुइझियाना राज्यातल्या इतर शहरांत अशी केंद्रे उघडली. राज्याबाहेर गेलेल्यांना मात्र टपालाचाच आधार होता. दुसरा मार्ग म्हणजे कोणत्याही केंद्रावर शपथपत्रासह मत. सँडी वादळानंतर 2012 मध्ये न्यूयॉर्कने हा मार्ग घेतला, पण तो आदेश निघाला मतदानाच्या आदल्या दिवशी. या पद्धतीत एक खाच आहे. मतदाराच्या हाती आलेल्या मतपत्रिकेवर त्याच्या स्वतःच्या प्रभागातले उमेदवार नसतील, तर त्याचे मत फक्त दोन्ही भागांना सामाईक असलेल्या पदांपुरतेच धरले जाते. हे त्याला मत देण्याआधी सांगायला हवे, आणि शक्य तिथे त्याच्या मूळ मतदारसंघाच्या मतपत्रिका उपकेंद्रावर ठेवायला हव्यात.

दुबार मतदान टाळायला साधी व्यवस्था पुरते. आतल्या कोऱ्या पाकिटात मतपत्रिका आणि बाहेरच्या पाकिटावर नाव, यादीतला क्रमांक व सही. मूळ केंद्राच्या यादीवर त्या क्रमांकापुढे खूण आहे का, ते तपासूनच बाहेरचे पाकीट उघडायचे.

६. टपालाच्या तिन्ही तारखा एकत्र हलवा

अर्ज करण्याची, मतपत्रिका पाठवण्याची आणि ती परत पोहोचण्याची अशा तीन तारखा असतात. अर्जाची मुदत वाढवून परतीची तशीच ठेवली, तर मतपत्रिका मतदाराच्या हाती पडते तोवर परत पोहोचवायला वेळच उरत नाही. परतीची तारीख वाढवता येत नसेल तर निदान जवळच्या कोणत्याही निवडणूक कार्यालयात पाकीट स्वीकारा, आणि ते मूळ कार्यालयात नेण्याची जबाबदारी कार्यालयांनी घ्यावी. घरच वाहून गेलेल्यांना पाठवलेल्या मतपत्रिका रद्द करून नव्या देण्याची तरतूद त्याच आदेशात हवी.

ई-मेलने मतदानाची सूट देण्याचा मोह टाळा. सँडीनंतर न्यू जर्सीने ती दिली आणि अर्जांच्या लोंढ्याने कार्यालयांचे काम तुंबले. मुदत वाढवून द्यावी लागली. शिवाय ई-मेलने येणारे मत उघडणाऱ्याला मतदाराचे नाव दिसते.

७. हरवलेल्या कागदपत्रांसाठी दार उघडे ठेवा

पर्यायी पुराव्यांची यादी वाढवा, पण ती बंदिस्त ठेवा. ‘इतर योग्य पुरावा’ असे लिहिले की प्रत्येक केंद्राध्यक्ष आपापला अर्थ लावतो. नॉर्थ कॅरोलिनात मतदानाआधीच्या 100 दिवसांत नैसर्गिक आपत्तीचा फटका बसलेल्यांना छायाचित्र ओळखपत्राऐवजी एक साधा अर्ज भरून मत देता येते. असा अर्ज एका पानाचा, मोफत आणि केंद्रावरच मिळणारा असावा. नोटरीची अट घातली, तर सूट कागदावरच राहते.

८. कर्मचारी राखीव ठेवा

केंद्रावरचे कर्मचारीही आपत्तीग्रस्तच असतात. नेमणुकीच्या निदान चौथाई इतके राखीव हाताशी धरा. बाहेरच्या भागातून कर्मचारी आणायला नियम आड येत असेल, तर त्यासाठीची सूट पहिल्याच आदेशात मागून घ्या.

९. सर्वपक्षीय संमती घ्या आणि एकच पत्रक काढा

हेलीन 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आले. 7 ऑक्टोबरला नॉर्थ कॅरोलिनाच्या राज्य निवडणूक मंडळाने, ज्यात दोन्ही प्रमुख पक्षांचे सदस्य आहेत, 13 काउंट्यांसाठी एकमताने तातडीचा ठराव केला, आणि नंतर विधिमंडळाने सवलती 25 काउंट्यांना लागू केल्या. एकमतामुळे बदल कोणाच्या फायद्याचा, ही चर्चा तिथेच थांबते. म्हणून मसुदा सर्व उमेदवारांना आधी दाखवा, लेखी हरकती घ्या आणि मग सही करा.

पत्रक एका पानाचे हवे: काय बदलले, कोणासाठी, कधीपर्यंत, आणि काय बदलले नाही. ते छावणीच्या फळ्यावर, रेडिओवर, धान्यवाटपाच्या रांगेत आणि पाण्याच्या टँकरवर लावा, कारण त्या दिवसांत फोनला चार्जिंग नसते. कर्मचाऱ्यांना तेच पत्रक निदान तीन दिवस आधी समजावून द्या.

मदतकार्य आणि प्रचार यांच्यातही भिंत हवी. 2019 मध्ये फानी चक्रीवादळाच्या तोंडावर ओडिशातील 11 जिल्ह्यांतून आचारसंहिता उठवली, ती बचाव आणि मदतीची कामे अडू नयेत म्हणून. अशी सूट देताना मदतीच्या पाकिटांवर उमेदवाराचे नाव, चित्र किंवा चिन्ह येणार नाही, ही अट आदेशात सोबतच लिहा.

१०. आदेशाला शेवटची तारीख द्या

कोणत्या भागाला, कोणत्या निवडणुकीपुरते आणि कोणत्या दिवशी हे नियम संपतील, ते शेवटच्या परिच्छेदात लिहा. मोजणीनंतर उपकेंद्र, शपथपत्र आणि टपाल अशा प्रत्येक मार्गाने किती मते आली, किती नाकारली आणि कोणत्या कारणाने, याचा तक्ता प्रसिद्ध करा. नाकारलेल्या पाकिटांत सहीअभावी बाद झालेली किती, हा आकडा वेगळा काढा. पुढच्या वेळी अर्जाचा नमुना कुठे दुरुस्त करायचा, ते त्यावरून कळते.