आमारोने: माळ्यावर सुकवलेल्या द्राक्षांची रेड वाइन

उत्तर इटलीत व्हेरोनाजवळ वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणाऱ्या घरांमध्ये आमारोनेचे खरे काम पिंपात नव्हे, तर द्राक्षे सुकवण्याच्या माळ्यावर होते. या माळ्याला तिथे ‘फ्रुत्तायो’ म्हणतात.

कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला या जातींचे घड हाताने तोडावेत आणि तोडतानाच निवडावेत. घड सैल हवा, कारण मणी एकमेकांना दाटून बसले की मधे हवा खेळत नाही आणि बुरशीला तिथेच आसरा मिळतो. फुटलेला एखादा मणीसुद्धा माळ्यावर जाऊ देऊ नये. पूर्वी बांबूच्या तट्ट्यांवर घड पसरत असत. आता बहुतेक ठिकाणी उथळ क्रेट वापरतात, पण घडांचा थर एकच ठेवण्याचा नियम बदललेला नाही.

पुढचे सुमारे तीन-चार महिने रोजची पाहणी चुकवू नये. कोरड्या दिवशी खिडक्या उघडाव्यात, धुके दाटले की बंद कराव्यात. घड उचलून त्याची खालची बाजू पाहावी आणि वासही घ्यावा. आंबूस वास आला, तर ते मणी लगेच काढून टाकावेत. या काळात द्राक्षांचे वजन साधारण 30 ते 40 टक्क्यांनी घटते. मणी सुरकुतलेला हवा, पण त्याचा पुरता बेदाणा होऊ देऊ नये. दाबल्यावर आत दाट रस जाणवला पाहिजे.

नियमानुसार ही द्राक्षे साधारणपणे 1 डिसेंबरपूर्वी चिरडता येत नाहीत. त्यानंतर थंडीमुळे आणि साखर भरपूर असल्यामुळे रस फार सावकाश आंबतो, म्हणून वर तरंगणारी साले रोज रसात दाबावीत आणि घाई मुळीच करू नये. आंबणे मधेच थांबवले, तर गोड ‘रेचोतो’ तयार होते. जवळजवळ सगळी साखर संपू दिली, तरच आमारोने मिळते, आणि ‘आमारो’ म्हणजे कडू या शब्दावरूनच तिला हे नाव पडले आहे. तिच्यात अल्कोहोल किमान 14 टक्के असावे लागते.

उरलेला चोथा टाकू नये. त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला वाइन ओतून पुन्हा आंबवली की ‘रिपास्सो’ होते. आमारोने मात्र मुरण्यासाठी ठेवावी. पारंपरिक पद्धतीत ती ओकच्या मोठ्या पिंपांत मुरते. सुगीनंतरच्या 1 जानेवारीपासून निदान दोन वर्षे आणि ‘रिझेर्वा’ म्हणून विकायची असल्यास सुगीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून निदान चार वर्षे.