गढुळलेला रीफ टँक : पाण्यात हात घालण्यापूर्वीची तयारी

रीफ टँकचं, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं, पाणी गढूळ दिसलं की हात आधी बाटलीकडे जातो. पाणी नितळ करणारं द्रावण, बाटलीतले जिवाणू, नाहीतर सरळ अर्धी टाकी उपसून पाणी बदलणं. ही यादी वेगळा क्रम सांगते. आधी टाकीतल्या जिवांच्या श्वासाची सोय, मग गढूळपणाचं कारण, आणि कारण कळेपर्यंत टाकीत हवेशिवाय काहीही सोडायचं नाही. पाणी पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी गढुळतं आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या वेळी नुकसान करतो, म्हणून हा आग्रह.

तेव्हा सगळ्यात आधी एअर पंप, नळी आणि एअरस्टोन. घरात एक तरी बॅटरीवर चालणारा पंप असावा आणि तो चालतो की नाही हे अधूनमधून लावून पाहिलेलं असावं. २५ अंश सेल्सिअसला ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) क्षारतेच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. गोड्या पाण्यात तो सव्वाआठच्या आसपास असतो. म्हणजे खाऱ्या टाकीत शिल्लक मुळातच कमी. त्यात पाण्यात जिवाणू बेसुमार वाढले की ते हा साठा झपाट्याने संपवतात, आणि रात्री टाकीचे दिवे बंद झाल्यावर प्रवाळातलं शैवालही ऑक्सिजन बनवायचं थांबून वापरायला लागतं. पहाटे मासे मरतात ते बहुधा यामुळे. एक पॉवरहेड (टाकीत प्रवाह देणारा छोटा पंप) वर वळवून पृष्ठभाग चांगला हलता ठेवा, झाकण काढा, स्किमरला (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राला) हवा नीट मिळते आहे ना ते पाहा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर बाकीची यादी बाजूला ठेवून एवढंच करा. तेवढ्यानेही भागत नसेल तर मासे हलवायला तयार खारं पाणी, हीटर आणि एअरस्टोन लावलेली झाकणाची बादली जवळ असू द्या.

यानंतरची वस्तू म्हणजे काचेचा एक स्वच्छ, रंगहीन पेला. त्यात टाकीतलं पाणी घ्या, मागे काळा कागद धरा, बाजूने टॉर्च मारा आणि थांबा. दोन-चार मिनिटांत कण वर जाऊन पाणी स्वच्छ झालं तर ते हवेचे बारीक बुडबुडे आहेत. पाण्याला काहीच झालेलं नाही. सम्पमधली (फिल्टरची उपकरणं ठेवलेल्या जोडटाकीतली) पातळी खाली जाऊन पाणी वर परत पाठवणारा रिटर्न पंप हवा ओढतोय का, एखादा सांधा सैल आहे का, स्किमरमधून परतणाऱ्या पाण्यात बुडबुडे आहेत का, एवढं तपासा. तासाभरात पेल्याच्या तळाशी पांढरा थर बसला तर वाळूची भुकटी किंवा साका, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन बाहेर पडलेले कण. काळसर थर बसला तर न धुता घातलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन (फिल्टरमधला कोळसा). कितीही वेळ ठेवलं तरी पाणी दुधाळच राहिलं तर जिवाणूंचा संशय घ्यायचा, हिरवट राहिलं तर तरंगत्या शैवालाचा. पाणी आरपार दिसतंय पण पिवळसर आहे, तर तो गढूळपणाच नव्हे. विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा रंग आहे आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनने जातो.

पेल्याशेजारी साधं पांढरं व्हिनेगर ठेवा. दुधाळ नमुन्यात दोन-तीन चमचे घालून ढवळा. पाणी निवळलं तर ते कण कॅल्शियम कार्बोनेटचे होते; जिवाणू असे विरघळत नाहीत. ही चाचणी पेल्यातच करायची. टाकीत व्हिनेगर ओतलं तर पीएच एकदम उतरेल, शिवाय जिवाणूंना आयतं खाद्य मिळेल. ॲरागोनाइट वाळूची भुकटीही कार्बोनेटच असल्यामुळे तीसुद्धा विरघळते. त्या दोघांतला फरक चाचणी सांगत नाही, तुमची वही सांगते.

ही वही मला यादीतली सर्वांत मोलाची वस्तू वाटते. गेल्या दोन दिवसांत काय काय झालं? वाळू उपसली का, नवं खाद्य दिलं का, डोसिंग पंपाचं (ठरलेल्या वेळी द्रावणं सोडणाऱ्या पंपाचं) वेळापत्रक बदललं का, व्होडका किंवा व्हिनेगरचा कार्बन डोस (जिवाणूंसाठीचं खाद्य) वाढवला का, काल्कवासर (चुन्याची निवळी) एकदम जास्त गेलं का? सोबत सगळ्या जिवांची हजेरी घ्या. एखादा मासा दिसत नाही, मोठी गोगलगाय उलटी पडली आहे, ॲनिमोन खडकाच्या फटीत गेला तो बाहेरच आला नाही, अशा एका मेलेल्या जिवाने अख्खी टाकी दुधाळ होऊ शकते. गोगलगायी किंवा प्रवाळ बीज सोडतात तेव्हाही पाणी काही तास पांढुरकं होतं. काचेवर चढलेल्या गोगलगायीतून धुरासारखी रेघ निघताना दिसली तर स्किमर आणि फिल्टर चालू ठेवा, बाकी काही करायला नको.

टेस्ट किट मुदतीतले हवेत, निदान अमोनिया, ॲल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. पीएच मीटर असेल तर उत्तमच. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला जुळवून थांबू नका, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर तपासा. पहिला मान अमोनियाला. बाकीचे आकडे साधारण असे असावेत : ॲल्कलिनिटी ७ ते ११ डीकेएच (ती मोजायचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम.

खारं पाणी ऐन वेळी बनवायचं नसतं. टाकीतल्या पाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढं तरी तयार ठेवा : टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं आरओडीआय, म्हणजे आरओ आणि डीआय फिल्टरमधून काढलेलं, पाणी, त्यात पंप आणि हीटर, रात्रभर घुसळण. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, कारण दाट द्रावणात साका तिथेच तयार होतो. बादलीतलं पाणी नितळ झाल्याशिवाय आणि त्याची क्षारता नि तापमान टाकीशी जुळल्याशिवाय ते टाकीत जाऊ नये. हिशेब करताना वाळू आणि खडकाने व्यापलेली जागा वजा करा. २०० लिटरच्या टाकीत २०० लिटर पाणी नसतं, आणि औषधाची मात्रा इथेच चुकते.

गाळण्यासाठी फिल्टर सॉक (कापडी पिशवी) आणि फ्लॉस (कापसासारखा धागा), तेही बरेच, कारण गढूळपणाच्या दिवसांत ते रोज बदलावे लागतात. अडकलेली घाण तिथेच कुजत राहिली तर गाळून काय साधलं? मात्र फ्लॉस वाळूची भुकटी बऱ्यापैकी धरतो, जिवाणू धरत नाही, ते मायक्रॉनभर आकाराचे असतात. त्यांच्यासाठी स्किमर आणि यूव्ही (अतिनील दिव्याजवळून पाणी नेणारं उपकरण). यूव्हीची काचेची नळी पुसलेली असावी, दिवा जुना नसावा, प्रवाह संथ असावा. कार्बन आरओ पाण्यात काळं पाणी थांबेपर्यंत धुऊन ठेवा.

आता कारणांकडे. वाळूच्या भुकटीला फ्लॉस आणि एक-दोन दिवस पुरतात.

साका असेल तर डोसिंग पंप आणि काल्कवासर ताबडतोब बंद. ॲल्कलिनिटी खाली गेलेली दिसेल आणि ती लगेच भरून काढावीशी वाटेल. त्या दिवशी नका भरू. पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर नवा कार्बोनेट बसत जातो, म्हणजे तुम्ही घातलेला डोस साक्यातच जमा होणार. मॅग्नेशियम १२०० च्या खाली असेल तर साका आणखी सहज धरतो, म्हणून ते मोजाच. पाणी निवळल्यावर ॲल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त न वाढवता वर आणा. पंप आणि हीटरवर बसलेला पांढरा थर नंतर, टाकीबाहेर, सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून काढा.

जिवाणूंच्या बाबतीत त्यांचं खाणं तोडायचं असतं. मेलेला जीव शोधून काढा, कार्बन डोस थांबवा, सुदृढ माशांचं खाणं एक-दोन दिवस बंद ठेवा. अँथियाससारख्या सतत खाणाऱ्या माशांना मात्र चिमूटभर द्या. तळातली घाण सायफनने ओढत १० ते २० टक्के पाणी बदला. अमोनिया दिसत असेल तर जास्त बदला आणि अमोनिया बांधणारं द्रावण वापरा. निव्वळ मोठ्या पाणीबदलाने जिवाणू संपत नाहीत, ते पुन्हा दुप्पट-चौपट होतात. यूव्ही चालू असताना बाटलीतले जिवाणू घालण्यात अर्थ नाही. टाकी नवी असेल आणि आत एकही मासा नसेल तर वाट पाहणं हाच उपाय आहे, आणि तो पुरेसा आहे.

हिरव्या पाण्याला यूव्ही, गरज पडली तर तीन दिवस अंधार, आणि त्या काळात अखंड हवा, कारण मरणारं शैवालही ऑक्सिजन खातं.

हात घालण्याआधी लांब हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. झोआंथिड प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा. पाणी उपसण्यापूर्वी हीटरचा प्लग काढा. बादल्या फक्त टाकीसाठीच्या, साबण कधीही न लागलेल्या. जमल्यास सगळं सकाळी सुरू करा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं.

आणि दिव्यांचं आधीच ठरवून ठेवा. गढूळ पाण्याने काही दिवस प्रकाश अडवलेला असतो. पाणी निवळलं की तोच दिवा प्रवाळांवर एकदम जास्त पडतो आणि ते पांढरे पडू शकतात. तीव्रता निम्म्यावर आणून आठवडाभरात हळूहळू वाढवा. ॲक्टिव्हेटेड कार्बनही आधी निम्माच घाला. अमोनिया आणखी तीन-चार दिवस रोज मोजा आणि तोवर रात्री एअर पंप बंद करू नका.