गुरू गेल्यानंतरचा सकाळचा रियाज

तालीम देणारं माणूस गेलं की पहिली मोडते ती पहाटेची बैठक. तानपुरा गवसणीतून काढवत नाही, आणि काढलाच तर सा लागत नाही. पण त्यावरून गाणं संपलं असं ठरवू नका. रडून, जागून आणि पाणी कमी पडून स्वरतंतू सुजलेले असतात. त्यांना वेळ हवा असतो.

सुरुवातीचे पंधरा दिवस फक्त खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर. मध्य षड्जापासून एकेक स्वर खाली उतरा, प्रत्येक स्वरावर एक पूर्ण श्वास थांबा. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. ताना आणि तार सप्तक पूर्ण बंद. मेंथॉलच्या गोळ्या चघळून गाऊ नका, दुखणं कळेनासं होतं आणि तुम्ही जोर लावत राहता. दोन-तीन आठवड्यांनंतरही आवाज बसलेलाच असेल तर ज्येष्ठमधावर भरवसा ठेवून थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या.

राग ओळखीचा घ्या. भैरव चालेल. ललत घेतलात तर त्यात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची एरवी पंचमात असणारी पहिली तार मध्यमात मिळवा. बिलासखानी तोडीकडे शोकात मन ओढ घेतं. तानसेन गेल्यावर त्याच्या मुलानं ती बांधली, अशी आख्यायिकाच आहे. पण तिच्यात भैरवीचे स्वर तोडीच्या चलनानं, म्हणजे तोडीच्या स्वरवळणांनी, गायचे असतात. डळमळत्या गळ्यात तिची भैरवी व्हायला वेळ लागत नाही. ती नंतर.

आता खरा धोका. गुरूंचं ध्वनिमुद्रण लावून त्याच्यासोबत गाणं. यात तालीम चालू असल्याचा भास होतो, म्हणून तो सोडवत नाही. सोडा. जुन्या कॅसेटचा वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो, पेटीवरच्या काळी एकची पांढरी दोन होते, आणि ती पट्टी तुमच्या गळ्यावर लादली जाते. शिवाय सोबत गाताना कानात त्यांचा सूर भरलेला असतो. तुमचा गंधार उतरलेला असला तरी तो त्यांच्या गंधाराखाली झाकला जातो. तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. उतारवयात दम कमी पडतो म्हणून ते जिथे वाक्य तोडत, ती जागा शिष्य सौंदर्य समजून उचलतो. समोर बसलेले गुरू हात वर करून थांबवत होते, मुद्रण थांबवत नाही.

असं करा: तालाचं एकच आवर्तन (एक पूर्ण फेरा) निवडा, न गाता तीनदा ऐका, वहीत स्वरलेखन करा. यंत्र बंद. मग आपल्या पट्टीत, तानपुऱ्यावर गा आणि ते मोबाइलवर घ्या. तुलना दुसऱ्या दिवशी करा, कारण त्याच दिवशी कान आपल्या बाजूनं निकाल देतात. मूळ कॅसेट असेल तर आधी तिची डिजिटल प्रत करून ठेवा. नव्वद मिनिटांची फीत साठ मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते. पुन्हा पुन्हा मागे-पुढे केली की ताणते, अडकते.

गुरू स्वप्नात येतील, शिकवतीलही. पहाटेकडे स्वप्नांच्या झोपेचे टप्पे लांबतात, म्हणून ती स्वप्नं जास्त आठवतात. स्वप्नात ऐकलेली जागा, म्हणजे सुरावट, उठण्याआधी, चहाआधी, मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवा. थोडा वेळ गेला की उरतो तो फक्त भाव, स्वर नाहीत. अशा जागेवर संकोच नको. बहुधा ती शिकवलेलीच असते, वहीत सापडते.

नवे गुरू लगेच शोधू नका. मोठ्या नावाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेनं ही पोकळी भरत नाही, माझं यावर ठाम मत आहे. आधी ज्येष्ठ गुरुभगिनीकडे किंवा गुरुबंधूंकडे बसा; अर्धवट राहिलेल्या बंदिशींचे अंतरे त्यांच्याकडे मिळतात. नव्या गुरूंकडे जाल तेव्हा पहिल्या भेटीत जुन्या तालमीतलाच एक ख्याल गा, आणि पट्टी बदलायला सांगितली तर का, ते अदबीनं विचारा.