बडोद्याहून यूकेला शिकायला: आधी खातं, मग नावं, सगळ्यात शेवटी फॉर्म

बँकेत परदेशी चलनाच्या टेबलावर नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथली मराठी मुलं फायली घेऊन घरी येतात. बहुतेक जण विचारतात, ‘काकू, फॉर्म कसा भरायचा?’ फॉर्म कुणीही भरेल. अर्ज अडतो तो पैशाच्या तारखांवर आणि कागदांवरच्या नावांवर, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. इथे फक्त यूकेच्या स्टुडंट व्हिसाचं लिहितेय. जर्मनी, कॅनडा यांचे नियम वेगळे आहेत, ते यात मिसळू नका.

पैसे किती लागतात? कोर्सच्या पहिल्या वर्षाची उरलेली फी, आणि राहण्याखाण्याचा नऊ महिन्यांपर्यंतचा खर्च. नोव्हेंबर 2025 पासून हा खर्च लंडनमध्ये महिना 1,529 पाउंड आणि लंडनबाहेर 1,171 पाउंड धरतात. म्हणजे लंडनबाहेर नऊ महिन्यांचे 10,539 पाउंड. विद्यापीठाला आधी भरलेली फी वजा होते, पण ती कॅसमध्ये लिहिलेली असेल तर उत्तम. कॅस म्हणजे विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं निवेदन आणि त्याचा क्रमांक. त्याशिवाय अर्जच करता येत नाही.

आता खरी गंमत. हे पैसे खात्यात सलग 28 दिवस असावे लागतात, आणि त्या 28 दिवसांतला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या 31 दिवसांत यावा लागतो. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरता तो दिवस. समजा 3 जूनला रक्कम पूर्ण झाली आणि 30 जूनपर्यंत हलली नाही, तर 28 दिवस भरले. 30 जूनला संपणारं स्टेटमेंट घ्या आणि जुलैमध्येच अर्ज करून टाका. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्या खात्यातून एलआयसीचा हप्ता, एसआयपी, लाइट बिल, जे काही आपोआप कापलं जातं ते सगळं आधीच दुसऱ्या खात्यावर वळवा. त्या महिन्यात घरात लग्न असेल तर आहेरसुद्धा दुसऱ्या खात्यातून. रकमेवर थोडी जास्तीची ठेव हवीच, कारण रुपयांचे पाउंड अर्जाच्या दिवशीच्या दराने करतात आणि रुपया आपल्या सोयीने हलत नाही. मी पाच-सात टक्के जास्त ठेवायला सांगते.

खातं कुणाचं? विद्यार्थ्याचं, आईचं, वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं. काकांचं नाही, मामांचं नाही, आजोबांचं पेन्शनचं खातंही नाही. एकत्र कुटुंबात हे पटवायला वेळ लागतो. आजोबा देणार असतील तर त्यांनी चेकने मुलाच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या वडिलांच्या खात्यात रक्कम टाकावी, सोबत बक्षीस दिल्याचं साधं पत्र ठेवावं, आणि मग 28 दिवस मोजायला सुरुवात करावी. पतपेढीतली ठेव असेल तर लवकर काढून बँकेत आणा. संस्थेवर नियामकाचं नियंत्रण हवं, नोंदी संगणकावर हव्यात आणि पडताळणी करता यायला हवी.

एफडी चालते, पण मुदतीआधी मोडता येते असं बँकेने लिहून दिलेलं असावं. शाखेत गेलात तर ‘व्हिसासाठी पत्र द्या’ एवढंच म्हणून बसू नका. काउंटरवरच्या पोराला काय लिहायचं ते ठाऊक नसतं. मजकूर घरूनच टाइप करून न्या: खातेदाराचं पूर्ण नाव, खाते क्रमांक, पत्राची तारीख, त्या दिवसाची शिल्लक, आणि अमुक तारखेपासून शिल्लक अमुक रकमेखाली गेलेली नाही. लेटरहेड, सही, शिक्का. इतकंच.

शेअर्स, म्युच्युअल फंड, सोन्याची पावती, बंगल्याचं मूल्यांकन, पादऱ्याकडच्या शेताचा सात-बारा, सीएने काढलेलं नेटवर्थ सर्टिफिकेट, यातलं काहीही या मोजणीत धरत नाहीत. तरी अलकापुरीतले काही एजंट सीएचं सर्टिफिकेट काढायला लावतात. शैक्षणिक कर्ज मात्र चालतं; मंजुरीचं पत्र अर्जाच्या तारखेला सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. सरकारची किंवा विद्यापीठाची शिष्यवृत्ती असेल तर देणाऱ्याचं पत्र लागतं. ज्या गावाने 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पाउंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरता दिली, त्या गावातली मुलं शिष्यवृत्तीची चौकशी सगळ्यात शेवटी करतात, याचं मला नवल वाटतं.

आणि एक. महिनाभर व्याजाने पैसे खात्यात ठेवून ‘फंड दाखवून देतो’ म्हणणारे बडोद्यात भेटतील. त्यांच्या दारात जाऊ नका. खोटी कागदपत्रं किंवा फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. कागद अपुरा म्हणून नाकारलेला अर्ज पुन्हा करता येतो, हा डाग जात नाही.

आता नावं. पैसे आईवडिलांचे असतील तर नातं सिद्ध करायला जन्मदाखला आणि पैसे वापरायला संमती देणारं, नातं सांगणारं त्यांचं सहीचं पत्र लागतं. जन्मदाखला आज रात्रीच कपाटातून काढून बघा. अनेक जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते. नाव घालायला महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. चौकशी खंडेराव मार्केटमधल्या मुख्य कार्यालयात करा. दाखला नुसता गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचा मजकूर, भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. घरच्या कुणीतरी केलेलं भाषांतर लावू नका.

आपल्या घरांमध्ये आणखी एक गुंता असतो. लग्नात आईचं नाव बदललेलं. दाखल्यावर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, पॅनवर तिसरंच काही. वडिलांचंही तेच: दाखल्यावर पूर्ण नाव, बँकेत नुसती आद्याक्षरं. मुलाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टात शेवटी. आडनावाच्या जागेचं फारसं काही अडत नाही, पण आईच्या दोन नावांचं अडू शकतं. विवाह नोंदणीचा दाखला जोडा. तो नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. त्याहून सोपं म्हणजे ज्याचं नाव सगळीकडे जुळतं, त्याच पालकाच्या खात्यात पैसे ठेवायचे. हे एका चहाच्या वेळात ठरतं, पण 28 दिवस सुरू व्हायच्या आधी ठरायला हवं.

मधल्या काळात टीबीची तपासणी उरका. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना ती लागते, तीही यूके सरकारच्या यादीतल्या दवाखान्यातच. आपल्याला अहमदाबाद जवळ पडतं. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. गल्लीतल्या डॉक्टरांचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही.

फॉर्म गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवरच भरायचा. कोर्स सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल 2025 मध्ये व्हिसाची फी 524 पाउंड झाली. भरताना त्या दिवशीचा आकडा पाहून घ्या. वर आरोग्य अधिभार, विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पाउंड. एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा साधारण सतरा महिन्यांचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, 1,164 पाउंड. घरचं बजेट करताना हाच आकडा हमखास विसरतात. विद्यापीठाने कॅसमध्ये ज्या गुणपत्रिकांचा उल्लेख केलाय त्याच अपलोड करा. एजंट फॉर्म भरत असेल तर सबमिट करण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. तो ‘चालशे’ म्हणाला तर तसं लिहून दे म्हणावं. बोटांचे ठसे आणि फोटो व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात. तेही अहमदाबादला होतं. निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो.

इंटरव्ह्यूला बोलावतीलच असं नाही, पण तयारी हवी. हेच विद्यापीठ का, कोर्समध्ये कुठले विषय, राहणार कुठे, पैसे कोण भरतंय आणि ते काय करतात. इथे पाठ केलेलं इंग्रजी लगेच कळतं. मी मुलांना कोर्सची माहिती बाजूला ठेवून चार विषय आपल्या शब्दांत सांगायला लावते. ज्याला वडिलांच्या दुकानात काय विकलं जातं तेच इंग्रजीत सांगता येत नाही, त्याने आधी तो सराव करावा.

फी परदेशी पाठवताना बँकेत पॅन आणि ऑफर लेटर न्या. आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर स्वतःचे पैसे पाठवले तर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा कर, घेते. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो, त्याची तजवीज ठेवा. शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर टीसीएस लागत नाही.

निकाल आल्यावर यूकेव्हीआय, म्हणजे यूकेच्या व्हिसा विभागाच्या साइटवरच्या आपल्या खात्यात शिरून ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन व्हिसा, उघडा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि सुरुवातीची तारीख पासपोर्टाशी ताडून बघा. त्या तारखेच्या आधी तिथे उतरता येत नाही. चूक दिसली तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी ऑनलाइन कळवा.