खाजगी शाळेत नोकरीला लागताय? टीईटीपासून ऑर्डरपर्यंत काय काय बघून घ्यायचं

आपल्याकडे शिक्षकाला डॉक्टर-वकिलासारखं कौन्सिलचं लायसन्स नसतं, त्यामुळे बी.एड. करून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना वाटतं की डिग्री आली, शाळेत जाऊन डेमो लेक्चर दिलं, झालो शिक्षक. तसं नाहीये. लायसन्सचं काम आपल्याकडे दोनतीन वेगवेगळे कागद मिळून करतात आणि त्यातला एक जरी कच्चा असला तरी दहा वर्षांनीसुद्धा तो वर येतो. मी बरीच वर्षं खाजगी माध्यमिक शाळेत शिकवतेय आणि स्टाफरूममध्ये नव्याने आलेल्यांना जे सांगत असते तेच इथे लिहितेय. हे सगळं महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळांपुरतं आहे.

आधी पात्रता. पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि डी.एल.एड. (जुनं डी.एड.), सहावीच्या पुढे पदवी आणि बी.एड. बी.एड.वाल्यांनी पाचवीपर्यंतच्या जागेचा विचार आता सोडा, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्टच केलंय. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा हवीच, पाचवीपर्यंत पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन, १५० मार्कांचा पेपर, ओपनला ९० मार्क लागतात आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. राज्याची टीईटी पुण्याची परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं, पूर्वीसारखी सात वर्षांची मुदत नाही.

"खाजगी शाळेत कोण विचारतंय टीईटी" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, खुद्द संस्थेचा माणूसच म्हणेल. त्यावर जाऊ नका. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने जो निकाल दिला त्यात वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्या लोकांनासुद्धा, रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला असेल तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. फक्त अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवलाय. पन्नाशीला आलेले आमचे सहकारी पोरांचे पेपर तपासून झाले की रात्री बालमानसशास्त्र वाचत बसायला लागले, ते बघून खरंच वाईट वाटतं. तुम्ही नवीन आहात, अभ्यासाची सवय अजून आहे, आत्ताच उरकून टाका.

अनुदानित शाळेत जायचं असेल तर टीईटी ही फक्त पात्रता झाली, भरतीसाठी टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी वेगळी, २०० मार्कांची, तिच्यात पास-नापास नसतं, स्कोअरवर पवित्र पोर्टल या सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटमधून नंबर लागतो. खाजगी संस्था 'मुलाखतीसह' हा पर्याय घेऊ शकतात पण उमेदवार पोर्टलवरूनच येतात. निवड झाली की तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणजे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर, ते मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार.

आता महत्त्वाचं, म्हणजे जागा कसली आहे ते. मुलाखतीला गेलात की पगार विचारायच्या आधी हे विचारा की पद मंजूर आहे का, संच मान्यतेत (शाळेला किती शिक्षकपदं मंजूर आहेत त्याचा सरकारी आदेश) दिसतंय का, जाहिरात निघाली का, बिंदुनामावलीत (आरक्षणाप्रमाणे पदांची यादी) जागा कुठल्या प्रवर्गाची आहे. "सध्या विनाअनुदानितवर घेतो, पुढच्या वर्षी ग्रँट येईल तेव्हा तुम्हालाच घेऊ, पण थोडं संस्थेसाठी बघावं लागेल" असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. शेती गहाण टाकून, आईचे दागिने मोडून पैसे भरलेले लोक मी बघितलेत, आणि त्यांच्यातले कितीतरी अजून वैयक्तिक मान्यतेसाठी, म्हणजे आपल्या नेमणुकीला सरकारी मंजुरी मिळावी म्हणून, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या चकरा मारतायत. २ मे २०१२ ला सरकारने घातलेल्या शिक्षक भरतीबंदीनंतर मागच्या तारखा टाकून मान्यता घ्यायचे प्रकार झाले, २०२५ मध्ये नागपूरला बोगस शालार्थ आयडीचं (सरकारी पगार ज्या नंबरवर निघतो तो) प्रकरण बाहेर आलं. पैसे घेणारा बाजूला राहतो आणि चौकशीची नोटीस शिक्षकाच्या घरी येते. पैसे देऊन मिळालेली मान्यता ही मान्यता नसते, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

रुजू झालात की ऑर्डर. आपला मुख्य कायदा म्हणजे १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा, सगळे एमईपीएस म्हणतात, आणि त्याची १९८१ ची नियमावली. तो विनाअनुदानित शाळेलाही लागू आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नेमणुकीचा आदेश कसा असावा याचा नमुना नियमावलीच्या अनुसूची 'ड' मध्ये दिलाय. तुमच्या हातातला कागद त्याच्याशी ताडून बघा: पदाचं नाव, वेतनश्रेणी, जागा कायम आहे की कुणाच्या रजेच्या मुदतीपुरती, नेमणूक परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) आहे की तात्पुरती. तात्पुरती हा एक शब्द पुढे सगळं ठरवतो. कायम रिक्त जागेवर रीतसर नेमणूक झाली असेल तर कलम ५ प्रमाणे दोन वर्षांची परिवीक्षा (शिक्षण सेवकाला तीन) संपली की तुम्ही कायम झालात असं धरलं जातं, वेगळी ऑर्डर लागत नाही. म्हणून तर काही संस्था जून ते एप्रिल अशी अकरा महिन्यांची ऑर्डर काढतात, मे महिन्यात ब्रेक दाखवतात आणि जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर देतात. अशी ऑर्डर मिळाली तर लगेच भांडायला जाऊ नका पण प्रत्येक वर्षीची ऑर्डर आणि हजर रिपोर्टची (रुजू झाल्याच्या पत्राची) पोच सांभाळून ठेवा, जागा मुळात कायम होती हे नंतर त्यातूनच दाखवता येतं. आणि मान्यता अडकली म्हणून नेमणूकच बेकायदा असंही नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता ही वैध नेमणुकीची पूर्वअट नाही असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलेलं आहे.

आता राजीनाम्याचं. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला रुजू होण्याच्या दिवशी क्लार्कने चार कागद सह्यांना दिले, हजर रिपोर्ट, बँकेचा फॉर्म, हमीपत्र, आणि चौथ्यावर टाईप केलेलं होतं की मी घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे, तारखेची जागा मोकळी. "सगळेच करतात मॅडम, फॉर्मॅलिटी आहे." तिने तीन कागदांवर सह्या केल्या आणि चौथा घरी विचारून देते म्हणून पर्समध्ये टाकला, तो परत कुणी मागितलाच नाही. हे लक्षात ठेवा, एमईपीएसच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत लिहिलेली आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःकडे. पण सही केलेला कोरा राजीनामा एकदा तिकडच्या कपाटात गेला की तो जबरदस्तीने घेतला होता हे सांगत बसायची वेळ आपल्यावर येते, त्यामुळे सहीच करू नका. ओरिजिनल मार्कशीट, सर्टिफिकेटही जमा करायची नाहीत, दाखवायची आणि साक्षांकित झेरॉक्स द्यायची.

पगाराचा विषय नाजूक आहे. खात्यात पूर्ण पगार टाकून त्यातले अर्धे कॅशमध्ये परत मागणाऱ्या संस्था आहेत, हे सगळ्यांना माहितीय आणि कुणीच लिहून देत नाही. नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात नाही म्हणणं अवघड असतं, मला कळतं. निदान कितीला, कधी, कुणाच्या हातात दिले हे लिहून ठेवा आणि खात्यातून काढलेली रक्कम पासबुकात दिसू द्या. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ लागू होतो, यूएएन म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर मागून घ्या. ग्रॅच्युइटी शिक्षकांना मिळत नाही असं सांगतील, तर २००९ च्या दुरुस्तीने ती ३ एप्रिल १९९७ पासून मिळते आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवलीय. मुलींनो, बाळंतपणाची रजा २६ आठवडे पगारी आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे, "सोडून जा, नंतर बघू" हे ऐकून घेऊ नका.

कायम झालेल्या शिक्षकाला काढायचं तर आधी चौकशी समिती लागते. तीन जणांची असते, एक संस्थेचा, एक तुम्ही सुचवायचा (कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी चालतो), आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांपैकी. आपला माणूस सुचवायचा हक्क खूप जण घाबरून सोडून देतात. तो सोडू नका, कारण आत काय चाललंय ते बघणारा तोच एक असतो.

आणि काढलंच, अगदी "उद्यापासून येऊ नका" असं तोंडी सांगून मस्टरवर सही करू दिली नाही तरी, ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते पण त्याच्या भरवशावर बसू नका. लेबर कोर्टात जाऊन वेळ घालवू नका, शिक्षक हा कामगार कायद्यातला कामगार नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये ठरवलंय. तोंडी काढलं त्याच दिवशी मुख्याध्यापकांना पत्र लिहा की मी आज अमुक वाजता हजर झाले, मला सही करू दिली नाही, मी काम करायला तयार आहे. भाषा साधी ठेवा, राग नको. स्पीड पोस्टाने संस्थेला पाठवा, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. ऑर्डरच दिलेली नसेल तरी वर्गाच्या हजेरीपटाचे, निकालपत्रकाचे, पेपर तपासणीच्या आदेशाचे तुमच्या सहीचे फोटो काढलेले असतील तर ते वकिलाला दाखवा. आमच्या भागातल्या एका सरांची केस बँकेच्या नोंदी आणि दहावीच्या बोर्डाच्या सुपरव्हिजनच्या ऑर्डरवरच उभी राहिली होती, संस्था तर म्हणत होती की हे गृहस्थ आमच्याकडे कधी नव्हतेच.