वजन उतरवताना हृदयाला विसरू नका : गोव्याच्या ताटातल्या या चुका टाळा

डॉक्टरांनी ‘वजन वाढलंय, कोलेस्टेरॉलही जास्त आहे’ असं सांगितलं, की गोव्यातल्या घरांत पहिली कुऱ्हाड पडते ती शितावर, म्हणजे भातावर. मग नारळावर. एखादा हौशी नातेवाईक सल्ला द्यायला आलाच, तर नुस्त्यावर, म्हणजे मासळीवरही. आणि आठवड्याभरात त्याच घरात चहासोबत खारी, बिस्किटं आणि बन्स येऊ लागतात. दुपारचं जेवण अर्धवट झालेलं असतं, भूक जाणार कुठे?

आहारसल्ल्याच्या कामात मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचंच. माणसं मनापासून पथ्य पाळतात, पण नको तिथे. ताटातून काय काढलं, याच्याइतकंच त्या जागी काय आलं हे महत्त्वाचं आहे. तूप, लोणी, खोबरेल यांतली संतृप्त चरबी कमी करून तिच्या जागी सूर्यफूल, शेंगदाणा, मोहरी यांची तेलं, मासे आणि दाणे आले, तर हृदयविकाराचा धोका घटतो. तीच चरबी काढून मैदा आणि साखर आणली, तर हृदयाच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही.

फक्त वजनकाट्याकडे बघणं

अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. टाइप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेले ५ हजारांहून अधिक लोक त्यात होते. त्यांतल्या एका गटाने कमी खाऊन, व्यायाम वाढवून वजन उतरवलं. साडेनऊ वर्षांच्या आसपास सगळ्यांवर लक्ष ठेवलं गेलं, तरी दुसऱ्या गटाच्या तुलनेत हार्ट अटॅक आणि पक्षाघातात ठळक घट दिसली नाही. हा निष्कर्ष २०१३ साली आला. त्याच वर्षी स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’चाही निष्कर्ष आला. त्यातल्या सुमारे ७,४०० लोकांपैकी बहुतेक जण जाड होते, पण त्यांना वजन उतरवा असं कुणी सांगितलंच नाही. भाज्या, कडधान्यं, मासे यांच्या जोडीला एका गटाला ऑलिव्ह तेल आणि दुसऱ्याला रोज मूठभर सुका मेवा दिला. मोठे हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पुढे या अभ्यासाच्या पद्धतीत त्रुटी सापडल्या, २०१८ मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा छापला गेला, आणि निष्कर्ष जवळजवळ तोच राहिला.

म्हणून वजन उतरवायचं नाही, असा अर्थ कृपया काढू नका. साधारण एक किलो उतरलं की वरचं बीपी सरासरी एका अंकाने खाली येतं, साखर सुधारते, गुडघे सुटतात. पण तीन किलो उतरले म्हणून निर्धास्त होऊ नका आणि काटा हलला नाही म्हणून पथ्य सोडूही नका. काट्याच्या जोडीला टेप वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नव्हे तर त्वचेवर माप घ्या. आपल्या भारतीय शरीरांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही रेषा धरतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ ओलांडला की जास्त वजन सुरू होतं. ‘मी काही जाड नाही, फक्त पोट आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हा टेप आधी हातात घ्यावा, कारण धोका पोटातल्या चरबीचाच जास्त असतो.

नारळाशी सगळं किंवा काहीच नाही असं वागणं

नारळाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. आपलं अर्धं स्वयंपाकघर त्यावर उभं आहे.

चार माणसांच्या हुमणाला (नारळाच्या वाटणातल्या माशाच्या कढीला) कितीतरी घरांत अख्खा नारळ पडतो. आता हिशेब मांडा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३३ ग्रॅम चरबी असते आणि त्यातली ३० ग्रॅम संतृप्त. नारळाचं खोबरं ३०० ग्रॅम धरलं, तर माणशी २२ ग्रॅमच्या आसपास संतृप्त चरबी एका जेवणात आली. दिवसाला १,८०० उष्मांक घेणाऱ्या माणसाने दिवसभरात संतृप्त चरबी २० ग्रॅमच्या आत ठेवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. म्हणजे दुपारीच ती ओलांडली. रात्रीचं तोंडाक (तोंडी लावायचा रस्सा) आणि शेवटची सोलकढी अजून बाकीच आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘आमचे आजोबा रोज नारळ खाऊन ठणठणीत होते.’ असतीलही. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. तिथले लोक भरपूर खोबरं खात आणि हृदयविकार दोन्हीकडे विरळाच होता. पण टोकेलाऊवर नारळाचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं आणि तिथलं कोलेस्टेरॉलही ३५ ते ४० अंकांनी जास्त भरलं. ती माणसं खोबऱ्यासोबत मासे खात, साखर जेमतेम खात आणि दिवसभर राबत. आजोबाही कुळागरात उतरून माडाला पाणी लावत, बाजाराला चालत जात. आपण त्यांचं हुमण ठेवलं, बाकीचं सोडलं.

तेव्हा नारळ बंद करू नका, अर्धा करा. चार माणसांना अर्धा नारळ, आणि तो वाटून; रस पिळून चोथा टाकला की तंतू गेले, चरबी तेवढी उरली. दाटपणासाठी भाजलेला कांदा वाटणात घ्या. चवीची कसर तिरफळं आणि सोलं भरून काढतात. आठवड्यातून दोनदा आंबटतीक करा, त्याला नारळ लागतच नाही. जेवणानंतर दाट सोलकढीऐवजी बिननारळाची फुटी कढी प्या. आणि सोशल मीडियावर काहीही फिरू द्या, चमचाभर खोबरेल सकाळी उपाशीपोटी पिऊन हृदय सुधारत नाही. त्यातली साधारण ९० टक्के चरबी संतृप्त असते आणि ती एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते.

नुस्तं सोडणं, किंवा रोज रवा लावून तळणं

बांगडे आणि तारले हे आपलं नशीब. ओमेगा-३ चरबी त्यांत भरपूर आणि दामही इसवणाहून (सुरमईहून) बरेच कमी. पाहुणे आले की इसवण, हा रिवाज असू दे. हृदयासाठी म्हणून मुद्दाम महागडा मासा आणायची गरज नाही. आठवड्यातून निदान दोनदा नुस्तं हवंच. सुंगटांत (कोळंबीत) कोलेस्टेरॉल असतं खरं, पण संतृप्त चरबी फार थोडी असते, त्यामुळे कधीतरी खायला हरकत नाही.

बिघडतं ते तव्यावर. रव्याचा थर तेल पितो आणि तुकडा उलटताना आपण आणखी चमचाभर सोडतोच. मसाला लावलेला बांगडा केळीच्या पानात गुंडाळून झाकण ठेवून शिजवा, किंवा तव्यावर नावापुरतं तेल पुसून भाजा. महिन्याला माणशी अर्धा लीटरहून जास्त तेल घरात येत असेल, तर नारळ धरून चरबी नक्कीच जास्त होते आहे.

पावसाळ्यात मीठ विसरणं

ही चूक खास आपली, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी झालेली, डब्यांत सुके बांगडे, सुंगटां, गालमो (जवळा) भरलेले. मग जून-जुलैत एक दिवस किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एक दिवस खारं (खारवलेली मासळी) भाजून पेजेबरोबर, वर लोणचं, तोरांचा (कैऱ्यांचा) खार, पापड. पेज हलकी म्हणून वजन उतरवणाऱ्यांची ती आवडती. पण तिच्याबरोबर जे येतं ते मिठाने माखलेलं असतं. ऑगस्टमध्ये बीपी वाढलेलं निघतं आणि दोष पावसाला किंवा टेन्शनला दिला जातो.

मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. चौघांच्या घरात वरून घालायचं मीठ मर्यादेत असेल, तर किलोचं पाकीट निदान पन्नास दिवस पुरतं. पाव, पापड, लोणचं, खारं यांतलं मीठ वेगळंच, म्हणून खरं तर ते दोन महिने पुरायला हवं. पाकिटावर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. खारं करायचंच असेल, तर दोनदा पाणी बदलून भिजवा, आमटी-भाजीत त्या दिवशी मीठ अर्ध्यावर आणा आणि लोणच्याची बरणी फळीवरच राहू द्या.

कमी सोडियमचं मीठ उपयोगी पडतं. चीनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. मात्र त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

शिवराक (शाकाहारी) म्हणजे पथ्य असं मानणं

सोमवारी नुस्तं नाही, म्हणून तो दिवस आपोआप हलका होत नाही. सकाळी पातळभाजी-पाव, दुपारी बटाट्याची भाजी आणि वर तळलेली कापं, संध्याकाळी मिरच्यांची भजी: नुस्त्याच्या दिवसापेक्षा हा जड. शिवराक दिवस कडधान्यांना द्या. अळसांदे, मूग, कुळीथ यांतले विरघळणारे तंतू एलडीएल थोडं खाली आणतात आणि पोट भरलेलं राहतं. नाश्त्याला नाचण्याचं तिजान (पेज) करायचं, तर गूळ चव लागण्यापुरता.

पावाबद्दल एवढंच: पोईत कोंडा असेल तर ती मैद्याच्या उंड्यापेक्षा बरी, पण आता पुष्कळ ठिकाणी पीठ मैद्याचं आणि कोंडा फक्त वरून भुरभुरलेला असतो. फोडून बघा, आतला रंग सांगतो. उकडे तांदूळ चांगलेच, मात्र ताटाचा पाव भाग शीत आणि अर्धा भाग भाजी, हे प्रमाण सांभाळा. काजू खा, पण खारवलेले तळलेले नको, आणि दिवसाला पंधरा-वीसच्या पुढे नको.

फेणी औषधी आहे, रेड वाईन हृदयाला चांगली, ही समजूत आता सोडून द्या. वर्ल्ड हार्ट फेडरेशनने २०२२ साली स्पष्ट सांगितलं आहे की दारूचं कोणतंही प्रमाण हृदयाला हितकारक नाही. दारू बीपी वाढवते, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढवते, आणि सोबतचा चकणा वेगळाच.

पथ्य पाळूनही रिपोर्ट हलत नाही?

आधी वेळ पाहा. आहार बदलल्यावर कोलेस्टेरॉलला निदान सहा आठवडे तरी द्या. पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासून निराश होऊ नका.

वजन उतरलं पण एलडीएल तसंच किंवा वाढलेलं असेल, तर नारळ, तूप आणि किटो आहार (भात सोडून चरबीवर भर देणारा) यांच्याकडे बघा. तिथे काही सापडलं नाही, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. थायरॉइड मंदावला की वजन आणि एलडीएल दोन्ही वाढतात. घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेले असतील, तर कारण आनुवंशिक असू शकतं आणि तिथे नुसता आहार पुरत नाही.

एलडीएल बरं पण ट्रायग्लिसराइड जास्त असेल, तर साखर, मैदा, दारू आणि रात्रीचा भात तपासा. मधुमेह आहे का तेही बघा.

बीपी हटत नसेल, तर मिठानंतर गोळ्यांचा डबा उघडा. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात. पाण्यात फसफसणाऱ्या अ‍ॅसिडिटीच्या पुडीतही बरंच सोडियम असतं. मोठ्याने घोरणं आणि दिवसा डुलक्या येणं हेही डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडखळत असेल तर बीपी उतरत नाही. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं झालं, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद करणारे तर बरेच भेटतात. तो आकडा गोळी चालू असतानाचा असतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत पूर्वीच्या जागी जातो. गोळी कमी करता येईल का, ते डॉक्टरांनाच विचारा, आणि जाताना घरी मोजलेल्या बीपीची आणि कमरेच्या मापाची वही बरोबर न्या.